दहा तेत्री

आमच्या लिफ्टला वर यायला दहा तेत्री लागतात.
खाली उतरणं फुकट.
ग्ल्दानीतल्या या नऊ मजली इमारतीत
हा नियम कुणी केला, कुणास ठाऊक.
फुकट असूनही
मी अकरा दिवस खाली उतरलेलो नाही.
पाव फ्रीजरमध्ये टिकतो.
माणूसही टिकतो बहुतेक.

त्सिआला इटलीला गेली, बारी नावाच्या गावी,
कुणाच्या तरी आईचे केस विंचरायला,
तेव्हा म्हणाली होती, दोन वर्षं, गुराम,
दोन वर्षांचं काय घेऊन बसलास!
चौदा झाली.
ती म्हातारी गेली, मग दुसरी, आता तिसरी आहे.
पैसे येतात सहा तारखेला,
आवाज रविवारी.
हल्ली तिच्या बोलण्यात मध्येच एखादा इटालियन शब्द येतो.
मी अर्थ विचारत नाही.
विचारला तर ती सांगेल,
आणि सांगून झाल्यावर
दोघांकडेही काही उरणार नाही.

लोक म्हणतात, रिकामं घर खायला उठतं.
माझं उठत नाही.
बसून असतं, माझेच मोजे घालून,
आणि मी कुठे निघालो की
मान वर न करता विचारतं,
आत्ता? या वाऱ्यात?
याचं मी काय ऐकतो, कळत नाही.
पण ऐकतो.

गेल्या शनिवारी सातव्या मजल्यावरची नूनू आली होती,
नातवाच्या बारशाचं आमंत्रण घेऊन.
तुमच्याशिवाय खर्ज कोण धरणार, म्हणाली.
मी दाढी केली. कोट घातला. बूट बांधले.
आणि दाराच्या आतल्या बाजूला
कडीवर हात ठेवून उभा राहिलो
पावणेदोन तास.

खालून गाणं आलं, पाइपातून, भिंतीतून.
वरचा आवाज होता, मधला होता.
तळ नव्हता.
खुर्चीचा एक पाय तोकडा असावा
तसं ते गाणं डुगडुगत होतं.
मग मी दाराला कपाळ टेकून
खर्ज लावला.
हळू, ओठ मिटून,
माझ्याच दाराला ऐकू जाईल इतपत.
शेवटपर्यंत धरला.
त्यांना कळलं नसणार.
पण गाणं सरळ उभं राहिलं, शप्पथ.

सकाळी दाराबाहेर ताटली होती, दुसरी ताटली पालथी घालून झाकलेली.
खाल्लं. दोन्ही धुतल्या.
मंगळवारी पुन्हा धुतल्या.
रिकामी ताटली परत करू नये,
म्हणून एकीत सहा अक्रोड ठेवले,
मग एक काढून पाच केले, मग पुन्हा सहा.

रोज निघतो.
रोज आधी चटणीच्या जुन्या बरणीतून
परतीचं नाणं काढून मुठीत घेतो,
आणि मूठ अशी घट्ट आवळली जाते
की कडी काढायला हात उरत नाही.

आज नाणं बरणीतच राहिलं.
विसरलो की ठेवलं, खरंच सांगता येत नाही.
लिफ्ट आली. आत पिवळा दिवा, कुणी नाही.
दारं उघडली, थांबली,
आणि आपल्या सवयीने मिटू लागली.
मी मध्ये पाय घातला आहे.
अजून आत गेलेलो नाही.
दारं बुटावर आपटतात, मागे सरतात, पुन्हा येतात.
अक्रोड ताटलीत खुळखुळतात.
पाय तिथेच आहे.