चाकोली

नाव ऐकून मला हसूच फुटलं.
आमच्या घाटावर चकोल्या म्हणजे
आमटीत शिजलेल्या कणकेच्या वड्या, वर तूप.
गुणाजी म्हणाला, ही वाईन स्पेनच्या वरच्या अंगाची,
बिल्बाओला जहाज आठ दिवस अडलं तेव्हाची.
तिथले मासेमार पितात,
बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

बाटली त्याने खांद्याच्या वर धरली,
पेला मांडीशी,
आणि निवतीच्या पडवीत बारीक धार पडली,
फेसाळत,
थोडी सारवलेल्या जमिनीवर.

सासूबाई विळीवर तिसऱ्या उघडत होत्या.
"माका कित्याक?" म्हणत
घोट घेतलाच.
डोळे मिटले, जिभेने टाळू चाचपली.
मला हिरवं सफरचंद, ओला दगड
असलं काहीबाही सुचत होतं.
त्या म्हणाल्या,
"आंबाट आसा. वायच खारटय.
मगे आज तिसऱ्यांत सोला घालू नको."

कोकमाचा डबा बंदच राहिला.
ओलं खोबरं, हळद, दोन मिरच्या.
एक शिंपली, एक घोट.
आंबट ताटात नव्हतं, पेल्यात होतं,
तोंडात गेल्यावर
कालवण पुरं होत होतं.

ही मुरवायची नसते, गुणाजी सांगत होता,
वर्षाच्या आत संपवायची.
त्याचं पुढचं काँट्रॅक्ट अकरा महिन्यांचं.

दुसरी बाटली मी
तांदळाच्या कणगीमागे सारली.
सासूबाईंनी पाहिलं,
बोटांवर काही मोजलं,
आणि शिंपल्या गोळा करायला
वाकल्या.