चौकट क्रमांक नऊ

दानाओच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीला लागून,
ताडपत्रीखाली माझा टाइपरायटर.
लोक सेबुआनोत सांगतात, मी इंग्रजीत बडवते.
पानाला वीस पेसो. खाडाखोडीचे वेगळे घेत नाही.

नवव्या चौकटीत एकच शब्द छापलेला: एक्स्पीरियन्स.
पुढे चार अक्षरं मावतील एवढी जागा.

युतिक्विओ माडी काढायचा, चाळीस वर्षं.
म्हणाला, हानास.
म्हणजे हात बसलेला; कोयत्याकडे न बघता कोयता चालतो, तसा.
मी लिहिलं, चाळीस.
त्याचा नातू म्हणाला, मी हिलाव.
हा शब्द आम्ही कैरीला लावतो, कणी राहिलेल्या भातालाही.
म्हातारा हसला: माडीसुद्धा त्याच दिवशी मुरत नाही.
मी लिहिलं, शून्य.

काल पोरोच्या बोटीतून बासिलिसा उतरली.
हाँगकाँगला घरकामाला जायचंय.
पाठची सहा भावंडं वाढवलेली,
आईला दोन वर्षं अंथरुणात कूस बदलून दिलेली,
वादळात छप्पर गेलं तेव्हा
तांदळाचा डबा पोटाशी धरून रात्र काढलेली.
कासिनातिआन किती? मी विचारलं.
जरा शाळेतला शब्द, इस्त्री केलेला.
'ते नाही हो माझ्याकडे. नाआगिआन आहे तेवढं.'

नाआगिआन: ज्यातून आपण गेलो ते.
तिच्या तोंडी ऐकताना वाटलं, जे आपल्यावरून गेलं तेही.
इंग्रजीत दोन्हीला तोच एक शब्द,
आणि एजन्सीला तो सही-शिक्क्यानिशी लागतो.

पुढचे प्रश्न वाचले.
ओव्हन? वाला पा.
लिफ्ट? वाला पा.
घर सोडून मुक्काम? वाला पा.

वाला म्हणजे नाही.
पण मागे तो एवढासा पा, अजून,
दाराच्या फटीत पाऊल घालून उभा,
दार लागूच देत नाही.
इंग्रजी शब्दाच्या कपाळावरच नकार ठोकतात, खिळ्यासारखा.
मग उपटून कोण काढणार?

रिबन सुकत आलेली.
मी 'नाही' बडवलं, त्याला जोडून 'अजून'.
अजून चौकट ओलांडून दहाव्यात गेलं,
जिथे तिचं वजन लिहायचं होतं.

वीस पेसो तिने सुट्टे मोजले.
'तुम्ही गेलात का हो कधी, तिकडे?'
मी अठ्ठावन्न वर्षांची.
वाला पा, म्हणाले,
आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला.
तिच्यापर्यंत पा पोचला की नाही, कुणास ठाऊक.