मुंग्या

तीस वर्षं मी त्यांना हाकलण्याचे पैसे घेतले.
सावद्यात असं धाबं नसेल ज्यावर चढलो नाही,
एका हातात अँटेनाचा दांडा, दातांत पाना.
वरून विचारायचो, आलं का?
खालून कुणाची तरी सून: मुंग्याच!
अजून जरा जळगावकडे.
आता?
मुंग्याच, भो.

मग डिश आली. अँटेना भंगारात गेल्या,
उरल्यासुरल्यांवर दोडक्याचे वेल चढले.
'नेहेते टीव्ही क्लिनिक' आता
मोबाइलच्या काचा बदलतं.

परवा देवयानी झोपे आली, नववी ब.
काका, जुना टीव्ही आहे का, डबड्यासारखा?
प्रदर्शनाला पाहिजे.
चालू हवा, पण काही दिसायला नको.

असं गिऱ्हाईक जन्मात भेटलं नव्हतं.

माळ्यावरून उतरवला, लाकडी शटरचा,
आत पालीची दोन अंडी, ती कागदावर ठेवली.
बटण दाबलं. पडदा तापला,
आणि खर्रर्र करत आल्या सगळ्या
जुन्या ओळखीच्या.

ती म्हणाली, यातली शंभरातली एखादी
विश्वाच्या लहानपणची आहे.
तेराशे कोटींहून जास्त वर्षं चालतेय.
निघाली तेव्हा निखाऱ्यासारखा उजेड होती,
वाटेत जागाच ताणत गेली,
तशी लाटही ताणली,
इतकी की डोळ्याला दिसेना. अँटेनाला दिसते.

कोणती? मी चष्मा पुसला.
ते नाही सांगता येत, काका.

मी शहाणपणा केला: लांबचे तारे लाल दिसतात म्हणे,
केळीची मालगाडी गेल्यावर
शेवटच्या डब्याचा दिवा दिसतो तसे?
नाही, म्हणाली. तो दिवा आधीच लाल असतो.
इथे उजेड वाटेत लाल होतो.
आणि तारे नाही काका, दीर्घिका.
जितकी लांबची, तितकी जास्त लाल, तितकी वेगानं दूर.

मग आपण मधोमध आहोत की काय?
सगळे आपल्यापासूनच का पळतात?
ती थांबली. हे तिच्या तक्त्यावर नव्हतं.

उत्तर गोदूमामीनं दिलं, न विचारता,
देवयानीच्या आतेबहिणीच्या हळदीला.
चुलीवर खापर पालथं,
मामीच्या हातावर पुरण भरलेला मांडा,
या कोपरावरून त्या कोपरावर, लांबत, पातळ होत.
पिठात चाळणीला चुकलेले कोंड्याचे तीन-चार कण होते.
मी त्यांच्यावर नजर ठेवली.
एकही कण जागचा हलला नाही.
मधली कणीक वाढली,
आणि प्रत्येक कण उरलेल्यांपासून दूर गेला.
कुठल्याही कणाला विचारा, तो म्हणेल
मी इथेच आहे, तेच चाललेत.

मी देवयानीकडे पाहिलं. तिनंही ते पाहिलं होतं.
पुढच्या उंड्यावर तिनं हळदीच्या बोटानं
पटकन एक लाट काढली, बारीक, दाट,
शाळेतल्या मुलीच्या अक्षरासारखी.
व माय, हे काय चितारलं?
मामी ओरडली, पण हात थांबले नाहीत.
लाट मोठी झाली, आळसावली,
पिवळी होती ती फिकी होत गेली,
कोपरापाशी पोचेस्तोवर
नुसता एक अंदाज उरला.
मग मांडा खापरावर पडला.

पंगतीत तो कुणाच्या पानात आला माहीत नाही.
दूध-तूप घालून कुणीतरी खाल्ला असेल.

प्रदर्शनात तिला उत्तेजनार्थ मिळालं.
परीक्षक म्हणाले, टीव्ही बिघडलेला आहे.

तो आता दुकानात आहे, विकायचा नाही.
शटर अर्धं ओढल्यावर मी तो लावतो,
आवाज बारीक करून.
मागच्या भिंतीला टेकून एक जुना दांडा,
तो मी जळगावकडे वळवत नाही,
सातपुड्याकडेही नाही.
ती सगळीकडूनच येते म्हणे.

रस्त्यावरून जाणारं कुणी वाकून म्हणतं,
भागवतभाऊ, सिग्नल नाही वाटतं?

मी एका मुंगीवर बोट ठेवतो.
तोवर ती तिथे नसते.