पुढची झडप

बाबा म्हणतात, पाणी तिथून येत नाही.

बाबा म्हणजे अमारो, वय एकोणऐंशी,
धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून बसलेले,
डोक्यावर सार्डीनच्या त्या कारखान्याची टोपी
ज्याला कुलूप लागून अकरा वर्षं झाली.
मी म्हणते, उशी तिथेच भिजते.
ते म्हणतात, उशी भिजते एकीकडे,
पाणी शिरतं भलतीकडे.
खरं आहे ते.
म्हणूनच जास्त राग येतो.

पोर्तोसिनला कोरडा दिवस
सांगून येत नाही. आज आलाय.
खाडी पलीकडच्या मूरोसपर्यंत स्वच्छ दिसतेय,
आणि ‘अंदुरिन्या’च्या डेकला
चक्क चटका बसतोय पायाला.
मी बिजागरीचे नऊ स्क्रू काढले.
आठ आले. नवव्याचं डोकं हातात आलं,
धड आतच राहिलं.

चौकट टेबलावर आडवी घातली.
काचेच्या कडेनं बाबांची बावीस वर्षं:
पांढरं सिलिकॉन, त्यावर पिवळं पडलेलं,
त्यावर काळं, त्यावर पुन्हा पांढरं.
दर मोसमाला एक ट्यूब,
थुंकीनं ओलं केलेलं एक बोट.
बोटाचे ठसे अजून आहेत.
एका कोपऱ्यात माशी आहे,
पंख शाबूत.

सिलिकॉनला काहीच चिकटत नाही,
सिलिकॉनसुद्धा नाही.
हे मला दुकानातल्या इरियानं सांगितलं,
आणि मी ते बाबांना सांगितलं नाही.
नुसती खरवडत राहिले,
लाकडाच्या पाचरीनं, मग नखांनी,
मग ॲसिटोनच्या बोळ्यानं, डोळे चुरचुरेपर्यंत.
खाली ॲल्युमिनियम निघालं,
नव्या नाण्यासारखं.
इतकं उघडं की
मीच जरा नजर वळवली.

मग बहिणीचा ब्रेइशो मदतीला आला, वय बारा.
काच कशी बसवायची ते दोघांनी मिळून वाचलं:
खाली तीन मिलिमीटरचे रबरी तुकडे ठेवा,
काळा मसाला भरा,
काच टेकवा. दाबू नका.

दाबू नका!
बाबा खुर्चीतून उठलेच.
कच्चून आवळ, म्हणाले, कच्चून,
जहाज आहे ते, लोणच्याची बरणी नाही.
त्यांनी आयुष्यभर सगळं कच्चून आवळलं,
नळ, नांगराची साखळी,
माझ्या लहानपणच्या बुटांच्या नाड्या.
मी म्हणाले, सगळं आवळलं
की मसाला बाहेर येतो.
मध्ये काही उरतच नाही
ताणायला.

ते काही बोलले नाहीत.
शिंपल्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
मग विचारलं, वाळायला किती?
सात दिवस.
सात दिवस, ते म्हणाले, आणि आकाशाकडे असं पाहिलं
जसं उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहतात.

संध्याकाळी ते ताडपत्री घेऊन आले,
शिंपल्यांच्या तराफ्यावरची, मिठानं ताठ झालेली.
झडपेवर त्यांनीच ती बांधली.
गुडघे टेकायला पाच मिनिटं लागली,
गाठ मारायला एक क्षण.
त्या गाठीत मला
काही सुधारता आलं नसतं.

रात्री ओर्बायो सुरू झाला,
आमचा तो बारीक, आवाज न करणारा पाऊस,
जो पडत नाही, नुसता असतो.
मी पुढच्या केबिनमध्येच झोपले.
वर ताडपत्री, तिच्याखाली काच,
काचेखाली तीन मिलिमीटर काळा, मऊ धीर.

पहाटे गाल ओला.

टॉर्च लावला. झडप कोरडी ठणठणीत.
थेंब येत होता हातभर अंतरावरून,
कठड्याच्या एका बोल्टातून
तुळईवर, तुळईवरून उतारानं,
रमतगमत, वाटेत दोनदा थांबून,
बरोबर माझ्या उशीवर.
एक गळती सापडली
म्हणजे एकच होती, असं कुठे असतं?

मी बोल्टाभोवती खडूनं गोल काढला.
उशी उलटी केली.

आठ वाजता धक्क्यावर
खुर्ची उघडल्याचा आवाज आला.