लामाराबाईंचे मोजे

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात वीज
दिवसाला तासभर यायची; कधी तीही नाही.
प्रयोगशाळेचा फ्रीज कोमट होत चालला, तेव्हा
लामाराबाईंनी कुप्या लोकरी मोज्यांत गुंडाळल्या
आणि पावाच्या पिशवीतून घरी आणल्या.

बाल्कनीत, बर्फाच्या कडेला,
जोंजोलीच्या लोणच्याशेजारी बसली
नदीच्या घाणीतून वेचलेली ती जिवाणूखाऊ जमात.
डोळ्यांना दिसत नाही, पण भूक दांडगी.

"हे खायचंय?" नातवानं विचारलं.
"नाही रे. हेच खातात."

सकाळी आधी पारा बघायचा, मग चूल.
फारच गोठलं तर कुप्या शालीखाली, पोटाशी.
पगार सात महिने नव्हता.
वहीत मात्र रोज तारीख, तापमान,
आणि एकदा, शाई गोठली म्हणून पेन्सिलीनं:
"खालच्या मजल्यावरचा वाझा. पाय हिरवा पडलेला.
नवव्या दिवशी जिना चढून आला. अक्रोड घेऊन."

आता लांबून डॉक्टर येतात,
त्यांची औषधं हरल्यावर.
अदबीनं विचारतात, साठवण कुठल्या उपकरणात केली होती?

बाई मोजे काढून दाखवतात.
एकाला टाचेशी भोक आहे.
ते तेव्हाही होतं.