दुसरी बाजू, शेवटचा तुकडा

डेट्रॉइट, सत्तावन्न सालचा मार्च.
कारखान्यातली पाळी संपवून
ऑर्विल टॉलिव्हर थेट स्टुडिओत आला.
नखांत ग्रीस,
एका हातात सॅक्सोफोन
आणि कोटाच्या खिशात
वेताची एक जोडनळी,
शुकरी हद्दाद वाण्याकडून
दोन डॉलर नि मनगटावरचं घड्याळ देऊन घेतलेली.

‘सूर कुठला?’ मी बास जुळवत विचारलं.
‘तिचा तिलाच ठाऊक.’

क्लीव्हननं काठ्या खाली ठेवल्या,
वाळका भोपळा घेतला मांडीवर,
आत मूठभर वाल,
आणि ब्लूजची आमची पायाखालची वाट
सहाच्या चालीत लंगडत
कुठल्याशा परक्या गावात शिरली.

मी एकच खर्ज धरून बसलो.
बोटं सोलवटली.
काचेपलीकडचा माणूस हात हलवत होता, वेळ संपली,
ऑर्विलचे गाल फुगलेलेच.

तबकडी फारशी खपली नाही.
हद्दादनं मात्र दुकानात लावली.
मसूर जोखता जोखता थांबला,
पारडं हातात तसंच लोंबत.

‘चुकीचं वाजवतोस,’ म्हणाला,
‘पण अगदी माझ्या बापासारखं चुकीचं.’

गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
त्यानं पारडं रिकामं केलं,
पुन्हा पहिल्यापासून
मसूर जोखू लागला.