वळणावरचा फ्रिज

मॉन्ट्रियल, एक जुलै. आज अर्धं शहर
उरलेल्या अर्ध्याच्या घरात शिरतंय.
आमचा फ्रिज लोखंडी गोल जिन्याच्या वळणावर अडकला,
ना वर, ना खाली.

रेज्याँने पट्टा सोडला. राहू दे, म्हणाला.
फुटपाथवरच्या आमच्याच सोफ्यावर
आम्ही पाहुण्यांसारखे टेकलो.
मेपलची सावली बैठकीच्या खोलीएवढी.

तीन दिवस बोललो ते फक्त खोक्यांबद्दल.
आता त्याने बूट काढले,
मी चेरीची बी तोंडानेच
थेट गटाराच्या जाळीत उडवली.
त्याचा नेम चुकला. दोनदा.
तिसऱ्यांदा त्याने बी गिळलीच.

एक बाई सायकल थांबवून विचारते,
"सोफा टाकून दिलाय का? नेऊ?"

रेज्याँ डोळे न उघडता
थोडा सरकतो,
तिला जागा करून देतो.